आखाड्यातील मूल कोणाच्या भरवशावर?



न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून व्यायामावर बोलावयास उभा राहिलेला वक्ता बहुधा बलोपासनेचे गोडवे गातो. आम्हांसही ते येतात. निजामी अमदानीत आपल्या मराठवाड्यात आखाडा काढावयाचा तर सरकारची परवानगी लागे, तरीही पोरे दंडबैठका मारीतच होती. खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीस निघाले तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले, ही हकीकत सांगताना आजही आमचा गळा दाटतो. पण मंडळात मूल पाठविणारी आई आम्हांस निराळेच विचारते. ती म्हणते, ‘सामन्याला परगावी नेता, रात्री पोरापाशी कोण असतं?’ आज या प्रश्नाविषयीच बोलावयाचे आहे.

सोनपेठेत हा प्रश्न पुण्यामुंबईपेक्षा अवघड आहे. आपल्या तालुक्यातून आणि शेजारच्या गंगाखेड-परळीकडून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आईबाप चार-सहा महिने कारखान्यावर, पोर आजीपाशी. त्या पोराला संध्याकाळी जाण्यासारखी जागा म्हणजे मैदान, आणि बापाच्या जागी माणूस म्हणजे वस्ताद. बहुतेक वस्ताद त्या विश्वासाला जागतात. पदरचे दूध पाजणारे आम्ही पाहिले आहेत. पण एखादा तसा नसला, तर पोराने सांगावे कोणाला? आजीला ऐकू येत नाही. बापाला फोनवर सांगावे तर तो फडात, आणि वर म्हणणार, ‘वस्तादाच्या शब्दाबाहेर जाऊ नको.’

आमच्या उमेदीच्या काळातली एक गोष्ट सांगतो. गावाचे नाव विचारू नका. एका मंडळाच्या कार्यकारिणीत आम्ही होतो. बारा वर्षांचा एक चपळ मुलगा एकाएकी यावयाचा बंद झाला. आम्ही बैठकीत म्हणालो, ‘कष्टाला भ्याला,’ आणि हजेरीपटावरून त्याचे नाव कमी केले. त्याच्या घरी कोणी गेले नाही. वीस वर्षांनी तोच मुलगा, आता बापमाणूस, आम्हांस बसस्थानकावर भेटला व खाली मान घालून कारण सांगून गेला. ज्याच्याविषयी सांगितले तो तोवर वारला होता. हजेरीपटावरची ती रेघ आम्हीच ओढली होती.

असे आपल्याकडेच होते असे नाही. अमेरिकेत जिम्नॅस्टिक्सच्या एका डॉक्टरविरुद्ध जानेवारी 2018 मध्ये दीडशेहून अधिक स्त्रियांनी न्यायालयात कैफियत मांडली. त्यांतील काहींनी वर्षानुवर्षे आधी सांगून पाहिले होते, कोणी ऐकले नव्हते. आपल्या देशाच्या नामांकित महिला कुस्तीगीर 2023 साली दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या. त्याच वर्षी मे महिन्यात निम्म्या राष्ट्रीय क्रीडासंघटनांपाशी कायद्याप्रमाणे तक्रार-समितीच नाही, अशा वृत्तावरून मानवाधिकार आयोगाने नोटिसा काढल्या. दिल्लीत ही गत, तर तालुक्याच्या मंडळाचे काय सांगावे!

‘गावात बोभाटा नको’ असे म्हणणारे गृहस्थ प्रत्येक कार्यकारिणीत एक तरी असतात. त्यांच्यासाठी कायदा सांगतो. 2012 च्या पोक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलावर असा अत्याचार झाल्याचे, किंवा होण्याचा संभव असल्याचे ज्याला कळले, त्याने पोलिसांस कळविलेच पाहिजे. न कळविणे हाच गुन्हा. हाताखालच्या माणसाचे कृत्य संस्थेच्या प्रमुखाने दडविले तर त्यास एक वर्षापर्यंत कैद आहे. उलट प्रामाणिकपणे कळविले आणि पुढे ते सिद्ध झाले नाही, तरी कळविणाऱ्यावर बालंट येत नाही. म्हणून ‘आधी आपसात चौकशी करू’ हा मार्गच बंद आहे. ती आपसातली चौकशी बहुधा मुलाला गप्प करण्यातच संपते. मोठ्या मुलींसाठी व स्त्रियांसाठी 2013 चा कायदा आहे. त्यात क्रीडासंकुल आणि सामन्याचे ठिकाणही मोडते. ज्या मंडळात दहाही नोकर नाहीत, तेथील तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. मुलाला स्वतःला फोन करावयाचा तर 1098 हा आकडा फुकट लागतो. तो तालमीच्या दारावर रंगवावयास एक डबी रंग पुरे.

आता वजनाविषयी. कुस्तीत वजनगट, कुमारांच्या कबड्डीतही वजनाची मर्यादा. मग सामन्याच्या आदल्या दिवशी पोराला पाणी तोडतात, उन्हात स्वेटर घालून पळवितात. परभणीच्या उन्हात! अमेरिकेत 1997 च्या अखेरीस महिना-सव्वा महिन्यात तीन महाविद्यालयीन मल्ल अशाच रीतीने वजन उतरविताना मेले, तेव्हा तेथील नियम बदलले. वाढत्या वयाच्या पोराचे वजन उतरवू नये, त्याला वरच्या गटात खेळवावे. हरला तर हरला. (जन्मतारीख खाली ओढण्याच्या विद्येविषयी आज बोलत नाही, सभेत त्यातले जाणकार बसले आहेत.)

खर्चाचे म्हणाल तर यात खर्च असा नाहीच. परगावी जाताना दोन मोठी माणसे, मुली असतील तर त्यांत एक बाई. वस्ताद आणि मुले एका खोलीत निजणार नाहीत. मालिश करावयाची ती चारचौघांत. नवा शिक्षक ठेवताना तो आधी जेथे होता तेथे विचारपूस. आणि मूल आठवडाभर आले नाही तर घरी माणूस जाईल. हे शेवटचे आम्ही मुद्दाम घालतो आहोत. वस्तादांना यात अपमान वाटण्याचे कारण नाही. नियमाने चालणाऱ्या वस्तादावर उद्या कोणी खोटा आळ घेतला, तर हेच नियम त्याच्या बाजूने साक्ष देतील.

पाडवा होऊन गेला, टोळ्या परतल्या आहेत. आईबाप आता गावात आहेत, दिवाळीपर्यंत राहतील. येथे बसलेल्या मंडळांच्या चालकांस आमची विनंती, की पुढल्या आठवड्यात एका संध्याकाळी त्यांना मैदानावर बोलवावे. त्यांच्यासमोर दोन नावे ठरवावीत, त्यांतले एक बाईचे, जी वस्तादाच्या नात्यातली नसतील, आणि पोराला काही सांगावयाचे झाले तर ते या दोघांपाशी जाईल हे पोरासमोरच सांगावे. हजेरीपटाच्या पहिल्या पानावर ती नावे लिहावीत. पहिले पान बहुतेक कोरेच असते.