ओरिजिनल, कंपॅटिबल, डुप्लिकेट : कॅमेऱ्याच्या बॅटरीची निवड

आजच्या मिररलेस किंवा डीएसएलआर कॅमेऱ्याची बॅटरी उघडली, तर आत बहुधा एकापुढे एक जोडलेले दोन लिथियम-आयन सेल आणि त्यांची राखण करणारी सर्किटची एक अरुंद पट्टी एवढेच सापडते. एका सेलचा सरासरी दाब साधारण ३.६ व्होल्ट असतो आणि पूर्ण भरल्यावर तो ४.२ पर्यंत चढतो. कॅननच्या एलपी-ई६ मालिकेवर किंवा सोनीच्या एनपी-एफझेड१०० वर ७.२ व्होल्ट छापलेले असते आणि चार्जरवर मात्र ८.४, त्याचे कारण हेच. या जातीची बॅटरी १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणली. तिच्यामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

सेल वीज साठवतो, पण त्याला स्वतःची मर्यादा कळत नाही. ती पट्टीला कळते. भरणे वेळेवर थांबवणे, सेल तळापर्यंत रिकामा होऊ न देणे आणि शॉर्ट झाल्यास प्रवाह तोडणे ही तिची कामे. बाहेरून दिसणाऱ्या धातूच्या टोकांपैकी दोन विजेची असतात. उरलेली तापमान कळवण्यासाठी आणि कॅमेऱ्याशी बोलण्यासाठी असतात. स्वस्त बॅटरीत काटकसर होते ती सेलच्या प्रतीत आणि या पट्टीत, आणि दोन्ही गोष्टी कवचाआड असल्याने गिऱ्हाइकाला दिसत नाहीत.

बाजारात तीन प्रकार फिरतात आणि बोलताना त्यांची सरमिसळ होते. कॅमेरा कंपनीच्या नावाने, तिच्या हमीसह येते ती ओरिजिनल. दुसऱ्या कंपनीने स्वतःच्या नावाने त्याच मापात बनवलेली ती कंपॅटिबल. ती उघड स्पर्धक आहे आणि तिच्यात लबाडी काही नाही. तिसरी डुप्लिकेट, म्हणजे ओरिजिनलचे नाव, रंग आणि होलोग्रामसुद्धा उचललेली. सर्वांत धोक्याची हीच, कारण तिच्यामागे जबाबदार कोणीच नसतो. मुंबईच्या फोर्टातल्या बोरा बझारमध्ये असो की ऑनलाइन, कंपनीचे नाव असलेली बॅटरी निम्म्या भावात मिळत असेल तर ती ओरिजिनल नसण्याचीच शक्यता जास्त. त्यापेक्षा अनोळखी पण स्वतःचे नाव छापणारी कंपॅटिबल बरी. भारतात लिथियम सेल आणि बॅटऱ्यांना आयएस १६०४६ या मानकाखाली बीआयएसची सक्तीची नोंदणी लागू आहे. वेष्टनावर त्या नोंदणीचा आर-क्रमांक आहे का, हे पाहायला अर्धे मिनिटही लागत नाही.

वेष्टनावर सर्वांत ठळक छापलेला आकडा मिलीअँपिअर-तासांचा असतो, आणि फसगत बहुतेक वेळा त्यानेच होते. एलपी-ई६ २००८ मध्ये फाइव्ह-डी मार्क टू बरोबर आली तेव्हा तिची क्षमता १८०० होती. पुढच्या एलपी-ई६एनमध्ये ती १८६५ झाली, आणि २०२० च्या एलपी-ई६एनएचमध्ये २१३०. मूळ कंपनीला बारा वर्षांत त्याच कवचात सुमारे अठरा टक्केच वाढ साधली. निकॉनच्या ईएन-ईएल१५ चीही तीच गोष्ट: १९०० पासून २२८० पर्यंत पोहोचायला साधारण दहा वर्षे गेली. तेव्हा त्याच मापाची बॅटरी ३००० चा दावा करत असेल, तर तो छापखान्याचा पराक्रम समजावा. वेगवेगळ्या व्होल्टच्या बॅटऱ्यांची तुलना करायची तर वॉट-तास पाहावेत. ७.२ व्होल्ट आणि २२८० मिलीअँपिअर-तास यांचा गुणाकार सुमारे १६.४ वॉट-तास होतो. खरी परीक्षा अर्थात वापराची: दोन्ही बॅटऱ्या पूर्ण भरून, एकाच कॅमेऱ्यात, एकाच पद्धतीने काम करून संपेपर्यंत वापरायच्या आणि फोटो मोजायचे.

क्षमतेइतकाच महत्त्वाचा, पण कमी चर्चिला जाणारा मुद्दा संवादाचा. एलपी-ई६ वर चालणारे कॅननचे कॅमेरे बॅटरीची उरलेली टक्केवारी, तिच्यावर काढलेल्या फोटोंची संख्या आणि तिची भरून घेण्याची ताकद दाखवतात. कंपॅटिबलमधली चिप हे संभाषण नीट साधू शकली नाही, तर टक्केवारी बराच वेळ भरलेली दिसते आणि मग एकदम कोसळते. लग्नातली बॅटरी मंगलाष्टकांच्या मध्यात संपते ती बहुधा अशीच. निर्मातेही हळूहळू दार आवळतात. कॅननच्या ईओएस आर५ मध्ये यांत्रिक शटरने सलग फोटो काढण्याचा सर्वाधिक वेग एलपी-ई६एनएच पुरेशी भरलेली असेल तरच मिळतो. जुन्या एलपी-ई६एनने तो घटतो. निकॉनच्या झेड मालिकेतल्या सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत यूएसबीने चार्ज होते ती ईएन-ईएल१५बी किंवा त्यानंतरची. म्हणजे जुनी पडल्यावर ओरिजिनलसुद्धा अर्धी परकीच. २००९ मध्ये पॅनासॉनिकने लुमिक्सच्या काही कॅमेऱ्यांना असे फर्मवेअर दिले, की त्यांनी परक्या बॅटऱ्या नाकारल्या. कारण सुरक्षिततेचे दिले गेले. ते खरे असले तरी विक्रीला पोषक होते, हेही खरे.

ओरिजिनल म्हणजे निर्दोष, असेही नाही. २०१२ मध्ये निकॉनने स्वतःच्याच ईएन-ईएल१५ च्या काही खेपा अति तापण्याच्या धोक्यामुळे परत मागवल्या. फरक असा, की तिथे खेपेचा क्रमांक होता, बॅटरी बदलून देणारी कंपनी होती. ओरिजिनलसाठी मोजलेल्या जादा पैशांत याही गोष्टीची किंमत असते.

निवड त्यामुळे कामावर ठरते. ज्या फोटोची संधी पुन्हा येत नाही, तिथे कॅमेऱ्यात ओरिजिनल असावी. कंपॅटिबल खिशात, राखीव. ताडोब्यात मे महिन्याच्या उन्हात बंद जीपमध्ये पडून राहणारी बॅटरी कोणाचीही असो, लवकर म्हातारी होते. तिथे दोन महागड्यांपेक्षा एक ओरिजिनल आणि दोन चांगल्या कंपॅटिबल हा हिशेब सोयीचा. सराव, घरगुती फोटो, टाइमलॅप्स यांना कंपॅटिबल पुरते. एलईडी दिव्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या सोनीच्या एनपी-एफ घराण्यात तर ओरिजिनलचा आग्रह जवळजवळ अनाठायी: ते माप आता सगळ्यांचेच झाले आहे आणि दिव्याला टक्केवारीशी कर्तव्य नसते. उलट, जुन्या कॅमेऱ्याची ओरिजिनल बॅटरी दुकानात वर्षानुवर्षे पडून असेल तर नव्याने बनलेली कंपॅटिबल तिच्याहून सरस ठरू शकते, कारण लिथियम सेल न वापरताही झिजतो. म्हणून महिनोन्महिने ठेवायची बॅटरी साधारण निम्मी भरून, थंड जागी ठेवतात.

विमानात सुट्या बॅटऱ्या सामानाच्या बॅगेत टाकता येत नाहीत, त्या जवळच्या बॅगेत न्याव्या लागतात, आणि टोके झाकलेली हवीत. मर्यादा १०० वॉट-तासांची असल्याने कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या सहज बसतात. वर वॉट-तास छापलेलेच नसतील तर मात्र तपासणीत अडचण येते. फुगलेली बॅटरी, ओरिजिनल असली तरी, पुन्हा चार्जरला लावू नये. टोकांवर चिकटपट्टी लावून ती ई-कचऱ्यात द्यावी. २०२२ च्या बॅटरी-कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.