ग्रास : सुगंधाच्या गावी एक दिवस



फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील कान शहरातून निघालेली आगगाडी अर्ध्या तासाच्या सुमारास ग्रास या डोंगरी गावी पोहोचते. स्थानकापासून जुन्या वस्तीपर्यंतची चढण दमवणारी आहे. सुगंधाची राजधानी म्हणून या गावाची कीर्ती असली, तरी त्याचा मूळ धंदा दुर्गंधीचा होता. मध्ययुगात येथे कातडी कमावली जात. हातमोज्यांचा उग्र दर्प झाकण्यासाठी ते सुवासिक करण्याची चाल पुढे पडली, दरबारी मंडळींना ती आवडली, आणि कालांतराने कातडे मागे पडून सुगंध तेवढा उरला.

अरुंद गल्ल्या आणि रुबेन्सची तीन चित्रे जपणारे प्राचीन चर्च पाहून प्रवासी १९८९ साली उघडलेल्या अत्तर-संग्रहालयाकडे वळतो. तेथील सर्वांत बोलकी वस्तू म्हणजे लाकडी चौकटीत बसविलेली साधी काच. तिच्यावर जनावराच्या शुद्ध केलेल्या चरबीचा थर देत आणि त्यावर एकेक फूल मांडीत. दुसऱ्या दिवशी ती फुले उचलून ताजी मांडीत. चरबी गंधाने तृप्त होईपर्यंत हा क्रम कित्येक आठवडे चाले. मग मद्यार्काने तिच्यातील सुगंध वेगळा करीत. एवढा खटाटोप कशासाठी? गुलाबाला उष्णता सोसते. परंतु काही नाजूक फुलांचा परिमळ आचेने करपतो, आणि तीच फुले खुडल्यानंतरही दीर्घकाळ दरवळत राहतात. त्या दरवळाची वाट पाहणे, हीच ती विद्या होती. आता हे काम बहुतांशी रासायनिक द्रावकांनी होते.

अशा नाजूक फुलांत अग्रस्थान मराठी घरांत जिला जाई म्हणतात तिचे. दक्षिण आशियाची ही वेल ग्रासच्या मातीत रुजली आणि तिच्याच गंधावर १९२१ चे ‘शनेल नंबर पाच’ हे जगप्रसिद्ध अत्तर उभे राहिले. ऑगस्टपासून पहाटे, ऊन चढण्यापूर्वी ती खुडावी लागते. एका किलोत सुमारे आठ हजार फुले बसतात. हे खुडण्याचे काम मुख्यत्वे स्त्रियांनी केले. त्यांत इटलीहून पोटासाठी आलेल्या पुष्कळ होत्या. कुपीवर नाव मात्र कारखान्याचे असते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात किनाऱ्यालगतच्या जमिनीचे भाव भडकले. फुलांपेक्षा बंगल्यांचे पीक किफायतशीर ठरले. इजिप्त आणि भारतातून स्वस्त माल येऊ लागला, प्रयोगशाळांतील कृत्रिम गंधही आले. मळे झपाट्याने आटले. काही मोठ्या अत्तरगृहांनी शेतकऱ्यांशी दीर्घ मुदतीचे करार केले, म्हणून थोडे तरी वाचले. २०१८ मध्ये युनेस्कोने येथील फुलशेती, अर्क काढण्याचे ज्ञान आणि गंधरचनेची कला यांना अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. तो मान यंत्रांचा नव्हता, माणसांच्या हातांचा आणि नाकांचा होता.

एका दिवसाच्या पाहुण्याला यातले थोडेच दिसते. कारखान्यांतील तांब्याची चकचकीत भांडी बहुधा प्रदर्शनापुरती असतात आणि फेरफटका न चुकता विक्रीच्या दालनात संपतो. खरे मळे खाली, पेगोमाससारख्या गावांच्या शिवारात आहेत. साबणाची वडी घेऊन प्रवासी संध्याकाळच्या गाडीत बसतो. खिडकीबाहेर उतारावर बंगल्यांचे दिवे लागू लागलेले असतात.