कोळशातील राख आणि मोजणाऱ्याचा हात

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



कोळसा विकला जातो टनावर. वीज मात्र टनातून निर्माण होत नाही, ती उष्णतेतून होते. या दोन मापांमधील अंतरातच एका मोठ्या आर्थिक प्रश्नाचे मूळ आहे.

भारतातील बहुतेक कोळसा गोंडवन काळातला. वनस्पतींचे अवशेष पाण्याबरोबर वाहत येऊन गाळासह साचले. त्यामुळे मातीचे सूक्ष्म कण कोळशाच्या अंगातच मुरले. चंद्रपूर-वणीकडील वर्धा खोऱ्याचा कोळसाही याच जातीचा. त्यात गंधक कमी, हा गुण. राख पुष्कळदा तीस-चाळीस टक्के, हा दोष. ४००० टनांच्या मालगाडीत राख ४० टक्के असेल, तर १६०० टन निरुपयोगी द्रव्याचेही भाडे भरावे लागते.

राख मोजण्याची रीत साधी आहे. बारीक दळलेला एक ग्रॅम कोळसा ८१५ अंश सेल्सियसला पूर्ण जाळायचा. उरते ती राख. कठीण आहे ते नमुना घेणे. सबंध गाडीची साक्ष त्या एका ग्रॅमने द्यायची असते. ढेकळे उचलली की चुरा, माथ्यावरून घेतला की तळातून, यावर साक्ष फिरते.

तिचे मोल किती? जुन्या प्रतवारीत राख व ओलावा यांच्या टक्क्यांची बेरीज १३८ने गुणून ८९००मधून वजा करीत. बेरीज ४० आली तर उपयुक्त उष्मांक ३३८०, म्हणजे ‘ई’ प्रत. ४१ आली तर ३२४२, म्हणजे ‘एफ’. एका टक्क्याने प्रत उतरे आणि प्रतीबरोबर दरही. १ जानेवारी २०१२पासून एकूण उष्मांकावर आधारलेल्या सतरा प्रती आल्या. पायऱ्या लहान झाल्या; मोजणाऱ्याच्या हाताचे महत्त्व घटले नाही.

राख काढताही येते. मॅग्नेटाइटची पूड कालवलेल्या पाण्यात हलका कोळसा तरंगतो, जड दगड बुडतो. परंतु मुरलेली माती सहज सुटत नाही आणि टाकाऊ भागाबरोबर थोडा कार्बनही जातो. हजार किलोमीटरांपलीकडील वीजकेंद्रांना ३४ टक्क्यांहून अधिक राखेचा कोळसा वापरण्यास २००१पासून मनाई होती. मे २०२०मध्ये ती उठली. राख खाणीशी टाकली काय नि केंद्राशी टाकली काय, सारखेच, हा त्यामागील युक्तिवाद. त्यात तथ्य आहे. पण वाहतुकीचा खर्च आणि राखतळ्याशेजारच्या गावाची धूळ या हिशेबात कोठे मांडायची? तीच राख सिमेंटात व विटांत कामी येते. म्हणजे मलिद्याचे धनी ठरलेले असतात. उरलेल्या धुळीला मात्र धनी नसतो.

१९७१ ते १९७३ या काळात खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. मालकी बदलली, तराजू मात्र बंद दाराआडच राहिला. विकणारा व घेणारा दोघेही सरकारी असले तरी प्रतीतील तफावतीचा भार शेवटी वीजबिलावरच येतो. नमुना तिसऱ्या संस्थेने घ्यावा ही सुधारणा स्वागतार्ह आहे, पण पुरेशी नाही. नमुना घेताना कामगार संघटनेचा व वीजग्राहकांचा प्रतिनिधी हजर असावा. प्रत्येक गाडीचा निष्कर्ष खाणीच्या आणि केंद्राच्या फाटकावर लावावा. राखेचा खर्च राख करणाऱ्याच्या खाती पडावा.

सार्वजनिक मालकीला सार्वजनिक मोजमापाची जोड मिळाली नाही, तर ती केवळ फलकावरची मालकी ठरते.