जुना लॅपटॉप, हक्काचे ड्रायव्हर

पेणच्या गणपती कारखान्यात ऑर्डरींच्या हिशोबाला, रोह्यात मुलांच्या कॉलेजला अनेकजण जुना लॅपटॉप घेतात. विंडोज नव्याने टाकलं की कधी वायफाय गायब, कधी आवाज बंद. बहुतेकदा मशीन धडधाकट असतं, ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारं सॉफ्टवेअर, तेवढं नसतं. त्यासाठी पैसे मोजू नका! लॅपटॉप उलटा करा. खालच्या स्टिकरवर सिरियल नंबर असतो. डेलवर ७ अक्षर-अंकांचा सर्व्हिस टॅग. कंपनीच्या अधिकृत सपोर्ट साइटवर तो टाकला की त्याच मॉडेलचे ड्रायव्हर फुकट मिळतात. वायफायच बंद असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पेनड्राइव्हवर घ्या. विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा विंडोज ११ चालेल का, हे व्यवहाराआधीच विचारा. आणि बिल मागायला संकोचू नका.