प्रचितगडाची शरदातील वाट

आश्विनात पर्जन्याचा अंमल उतरून सह्याद्रीच्या कड्यांवरील धबधबे क्षीण होऊ लागले, की संगमेश्वर तालुक्यातील शृंगारपुराहून प्रचितगडाकडे चढणारी, दाट अरण्यातून जाऊन माथ्यानजीक लोखंडी शिडीशी येऊन ठेपणारी बिकट वाट पदभ्रमणास योग्य होते. १६६१ साली शिवछत्रपतींनी शृंगारपूरच्या सुर्वे घराण्याकडून घेतलेला हा मुलूख. आणि गडालगतचे चांदोलीचे अरण्य, २००४ साली राष्ट्रीय उद्यान ठरलेले व पुढे व्याघ्रप्रकल्पात समाविष्ट झालेले, हे गव्यांचे हक्काचे वतन होय, म्हणून वनखात्याच्या परवानगीवाचून व माहीतगार वाटाड्यावाचून तेथे पाऊल टाकणे मला सर्वथा अनुचित वाटते. दगडाला हात घालण्यापूर्वी त्याखालची खाच न्याहाळावी, कारण फुरसे हा विषारी साप तेथेच दडतो. आणि परतीचा पाऊस बहुधा दुपारनंतर गाठतो, तेव्हा पहाटेच निघावे.