कॅमेऱ्याने मांडी घालून बसावं

(पुण्याच्या शनिवार पेठेतील वासंतिक व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



घरी बसून पाहायच्या मैफली हा आजचा विषय आहे. व्हीएचएस कॅसेट, व्हीसीडी, डीव्हीडी अशा वाटांनी आपल्या दिवाणखान्यात आलेलं गाणं-वाजवणं. या विषयावर बोलायला शनिवार पेठेइतकी योग्य जागा नाही, कारण रमणबाग शाळेचं मैदान इथून हाकेच्या अंतरावर आहे. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव वर्षानुवर्षं त्या मैदानावर भरला, आणि २०१८ मध्ये मुकुंदनगरला गेला. रमणबागेतल्या अखेरच्या वर्षांत मांडवात मोठे पडदे लागत. भारतीय बैठकीत पार मागे बसलेल्या रसिकाला कलाकार दिसायचा तो पडद्यावरच. तिकीट काढून, शाल पांघरून प्रत्यक्ष मैफलीला आलेल्या माणसाने कुठे पाहायचं, हेही कॅमेरा ठरवू लागला होता. म्हणून गाण्यासमोर कॅमेऱ्याने कसं बसावं, हा प्रश्न फक्त घरच्या टीव्हीपुरता नाही.

माझं उत्तर एवढंच आहे, की त्याने मांडी घालून बसावं. हे मी आधी अगदी शब्दशः म्हणतो. आपला गवई बैठकीवर बसतो आणि कॅमेरा उभ्या तिकाटण्यावर असतो. त्यामुळे गवयाची टाळू, तबल्याच्या पुड्या आणि गालिचा दिसतो; डोळे दिसत नाहीत. कॅमेरा बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर आणला, की गायक आणि तबलजी एकमेकांकडे कसे बघतात ते दिसायला लागतं. आणि मांडी घालून बसलेला माणूस दर पाच सेकंदांनी उठून जागा बदलत नाही, हा त्यातला दुसरा अर्थ.

किराणा घराण्याच्या गायकाने अतिविलंबित एकताल धरला, तर एका आवर्तनाला मिनिटभर सहज लागतं. त्या मिनिटात दहा-बारा वेळा दृश्य बदललं, कधी अंगठी, कधी तंबोऱ्याचा भोपळा, कधी पहिल्या रांगेतले पाहुणे, तर बघणाऱ्याला आवर्तन मिळतच नाही. सम आली हे कानाला कळतं, ते ध्वनिमुद्रिकेवरही कळतं. पण सम येणार आहे हे कोणाकोणाला आधी कळलं होतं, ते फक्त चित्र सांगू शकतं. तबलजीची मान किंचित वळते, पेटीवाला बोटं आवरून धरतो, समोरच्या दहा श्रोत्यांचे हात एकाच वेळी उचलले जातात. मैफल ही एवढ्या सगळ्यांनी मिळून घडवलेली गोष्ट आहे. हे न दाखवणारं चित्रण माझ्या लेखी ध्वनिमुद्रिकेहून कमी किमतीचं, कारण ते कानाचंही लक्ष मोडतं.

गाणं असं चित्रात धरून ठेवण्याची संधी आपल्याकडे फार लवकर आली होती. बालगंधर्व १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’मध्ये उभे राहिले, दिग्दर्शक व्ही. शांताराम, भूमिका संत एकनाथांची. ज्यांच्या स्त्रीभूमिकांनी महाराष्ट्र वेडा झाला, ते पडद्यावर आले पुरुषवेषात. १९३७ मध्ये बाबूराव पेंटरांच्या ‘साध्वी मीराबाई’त ते स्त्रीवेषात आले, पण तोवर पन्नाशी जवळ आली होती, आणि नाटकाला मिळालेलं प्रेम त्या चित्रपटाला मिळालं नाही. रंगमंचावर प्रेक्षक आणि नट यांच्यात एक अंतर असतं, त्या अंतरातच भामिनी आणि रुक्मिणी जन्माला येत होत्या. कॅमेरा जवळ गेला आणि ते अंतर संपलं. मला राहून राहून वाटतं, की त्या काळात कोणीतरी एक कॅमेरा थिएटरच्या पाचव्या रांगेत ठेवून, एका पदाचे सगळे वन्समोअर न तोडता चित्रित करून ठेवायला हवे होते. गोष्ट नको, मधले संवाद नकोत. ऑर्गन, सारंगी, तबला, ते गाणं आणि समोरचं थिएटर. ते आज असतं तर आपल्या संगीत नाटकाबद्दलचे निम्मे वाद मिटले असते.

साधनांचाही गाण्यावर जोर चालतो. ७८ फेऱ्यांच्या तबकडीत एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावत, आणि त्या मापात राग बसवण्याची एक वेगळीच कला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पिढीने कमावली. एलपीने ते माप वीस-पंचवीस मिनिटांवर नेलं. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हीसीआर आले, आणि ई-१८० लिहिलेली तीन तासांची कॅसेट घरात आली. विलंबित, द्रुत आणि वर भैरवी, एवढं सगळं चित्रासकट न थांबता घरात मावण्याची सोय आपल्या इतिहासात पहिल्यांदा झाली होती. मग व्हीसीडी आली. ती स्वस्त होती आणि गल्लोगल्ली मिळायची, पण एका चकतीवर सव्वा तासाच्या आसपासच मावायचं. शिवाय चित्र इतकं दाबून भरलेलं असायचं, की द्रुत लयीत तबलजीच्या बोटांचे चौकोनी ठोकळे व्हायचे. ज्या क्षणासाठी चित्र हवं, नेमक्या त्या क्षणी ते फुटायचं. या बाबतीत डीव्हीडीने खरा न्याय दिला.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आणि आपल्या घराघरांत मैफल दिसू लागली ती मुख्यतः दूरदर्शनमुळे. त्या चित्रीकरणांत दोष आहेत. स्टुडिओ बहुतेक वेळा रिकामा, वेळ बांधलेली, आणि दाद द्यायला समोर कोणी नाही. तरीही ती चित्रीकरणं नसती तर आपण किती दरिद्री झालो असतो! सुधीर फडके, म्हणजे आपले बाबूजी, स्वतः पेटी वाजवत गीतरामायण गाताना दिसतात, ते चित्रण पाहा. बाबूजी प्रत्येक शब्द कसा ठेवतात, श्वास कुठे घेतात आणि कुठे मुद्दाम राखून ठेवतात, हे ओठांवर दिसतं. गीतरामायण १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवरून वर्षभर ऐकू आलं, आणि त्याचा रौप्यमहोत्सव १९७९ मध्ये याच रमणबागेच्या मैदानावर झाला. तेव्हा त्याचे कवी ग. दि. माडगूळकर हयात नव्हते. सुगम गायन शिकणाऱ्या मुलांना मी नेहमी सांगतो, की गीतरामायण ऐकून झालं असेल तर आता ते आवाज बंद करून एकदा बघा.

ज्या चित्रपटात कॅमेऱ्याने खरोखर मांडी घातली तो म्हणजे मणि कौलांचा ‘ध्रुपद’, १९८२ चा. मणि कौल आपल्या लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी, आणि पुढे झिया मोहिउद्दीन डागरांचे शिष्य. त्या चित्रपटात झिया मोहिउद्दीन रुद्रवीणा वाजवतात, त्यांचे धाकटे बंधू झिया फरिदुद्दीन गातात, आणि दृश्य बदलायची घाई कुणालाच नाही. आलाप जितका सावकाश पुढे सरकतो तितकाच सावकाश कॅमेरा सरकतो, जुन्या वास्तूंच्या भिंतींवरून, कमानींतून. पहिल्यांदा बघताना काहीजण कंटाळतात, हे मी पाहिलं आहे. त्यांना माझी विनंती असते, की डागरांच्या आलापाला जेवढा वेळ देता तेवढाच चित्राला द्या. दिग्दर्शक स्वतः शिकलेला असला की फरक कुठे पडतो ते इथे कळतं: कोणता स्वर अजून लागायचा आहे हे त्याला माहीत असतं, म्हणून तो तिथून हलत नाही.

परदेशी उदाहरणांकडे मी वळतो ते यासाठी, की तिथल्या दोघा-तिघांनी आपलंच संगीत आपल्याहून धीराने टिपलं. जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरीच्या महोत्सवात रविशंकर दुपारी वाजवायला बसले. दिग्दर्शक पेनेबेकर यांच्या ‘मॉन्टेरी पॉप’ या चित्रपटाचा शेवट त्याच वादनाने होतो, आणि तो सुमारे सतरा-अठरा मिनिटं चालतो. बाकीच्यांच्या वाट्याला त्यात एखाद-दोन गाणी आली आहेत. कॅमेरा बराच वेळ श्रोत्यांमध्येच फिरतो. झोपलेले, डोलणारे, अवाक झालेले चेहरे. त्यात गिटारवादक जिमी हेंड्रिक्सही आहे. सतार ऐकू येत असते आणि रविशंकर व अल्लारखा आपल्याला सावकाश, उशिरा भेटतात. शेवटी सतार-तबल्याची जुगलबंदी चढते तेव्हा त्या चेहऱ्यांची आपल्याला ओळख झालेली असते, म्हणून समोरचा गजर आपला वाटतो. १९७१ च्या ‘कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’मध्ये रविशंकर, अली अकबर आणि अल्लारखा वाद्यं लावत होते, तेवढ्यालाच न्यूयॉर्कच्या श्रोत्यांनी टाळ्या दिल्या. रविशंकरांनी हसून त्यांना वादन त्याहूनही जास्त आवडेल अशी आशा व्यक्त केली. संकलकांनी तो भाग ठेवला हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्या चकत्यांवरून तंबोरे लावण्याचा भाग सर्रास कापला जातो. कुमार गंधर्वांसारखा कलावंत तंबोऱ्यांवर किती जीव लावायचा! ती मैफलीची पहिली पायरीच आपण कापून टाकतो.

एका साध्या चुकीने चित्रण कसं अडकून पडतं हे कळायला अमेरिकन गायिका अरेथा फ्रँकलिनच्या ‘अमेझिंग ग्रेस’ची हकिगत प्रत्येक कॅमेरामनने ऐकावी. जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये दोन रात्री ती गायली. सिडनी पोलॅक यांनी चित्रण केलं, पण आवाज आणि चित्र जुळवायला लागणारी क्लॅपची पाटी लावली नाही. आवाजाचा अल्बम त्याच वर्षी गाजला आणि चित्रफीत डब्यात पडून राहिली. पुढे संगणकाच्या मदतीने ओठ आणि सूर जुळले, पण चित्रपट लोकांसमोर आला २०१८ मध्ये, अरेथा गेल्यानंतर.

कॅमेऱ्याचा त्रास गाणाऱ्यालाही होतो. किशोरीताई आमोणकरांना मैफलीत दिव्यांचा भडिमार आणि छायाचित्रकारांची लगबग खपत नसे. काहींना तो त्यांचा हट्ट वाटला. मला तो हक्क वाटतो. सूर लागायच्या वेळी समोर कोणी वाकून हालचाल करत असेल, तर ते पुढच्या पन्नास वर्षांच्या श्रोत्यांसाठी असलं तरी आज बसलेल्या श्रोत्यांचं नुकसान करूनच असतं. अमोल पालेकर आणि संध्या गोखले यांनी २०११ मध्ये किशोरीताईंवर ‘भिन्न षड्ज’ हा माहितीपट केला. ज्यांनी ताईंना केवळ मंचावर पाहिलं त्यांनी तो जरूर पाहावा.

आता या पेठेकडे येतो. इथल्या कपाटांमध्ये अजून कितीतरी कॅसेट आहेत: घरगुती बैठकी, गणेशोत्सवातलं गाणं, टीव्हीवरून उतरवून घेतलेले राष्ट्रीय कार्यक्रम. पुण्याच्या पावसाळ्यात फितीवर बुरशी धरते, पांढरे ठिपके काचेतून दिसतात. अशी कॅसेट घरच्या व्हीसीआरमध्ये लावून बघू नका. हेड खराब होतं आणि फीतही खरवडली जाते. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या, मग संगणकावर उतरवा, आणि उतरवताना काही कापू नका. तंबोरे लावणं, मधलं चहापान, निवेदकाचं बोलणं, सगळं राहू द्या. वर तारीख, जागा आणि राग लिहा. गायकाचं नाव बहुतेक घरांत लिहिलेलं असतंच. तबल्यावर कोण, पेटीवर कोण आणि मागे तंबोऱ्यावर कोण बसलं होतं, हे मात्र आज घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून घ्या.