नेमकं ऐकण्यासाठी

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेल्या छोटेखानी भाषणाचा मजकूर)



गच्चीवरची ती लांब वायर कपडे वाळत घालायची नाही, हे मी सगळ्यांना अनेक वर्षं सांगतोय. ती कशासाठी आहे, हे मात्र कधी नीट सांगितलं नाही. आज सांगतो.

मी हॅम, म्हणजे हौशी रेडिओ ऑपरेटर. त्यासाठी केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. माझा सेट याएसू कंपनीचा एफटी-८१७. बॅटरीसकट वजन किलोभराच्या थोडं वर, ताकद फक्त ५ वॅट.

२६ जुलै २००५ आठवतो ना? सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्याकडे वीज नाही, फोन बंद. मी बॅटरीवर सेट लावून बसलो. ७ मेगाहर्ट्झवर कुणीतरी मोर्समध्ये अगदी क्षीण संदेश पाठवत होतं. पण लगतच एक दांडगं स्टेशन चालू होतं. दोन-चार अक्षरं लागायची, की पुन्हा सगळं बुडून जायचं. थोड्या वेळाने तो संदेश थांबला. कोण होता, काय सांगत होता, मला आजही ठाऊक नाही.

ती गोष्ट मनाला लागली. म्हणून सेटमध्ये फिल्टर बसवायचं ठरवलं.

आपली सर्वसाधारण सभा डोळ्यांसमोर आणा. पार्किंगचा विषय निघाला की सगळे एकदम बोलतात! अध्यक्ष म्हणतात, "एकेकाने बोला." फिल्टर हेच काम करतो. बोलण्यासाठी सेटची खिडकी सुमारे २२०० हर्ट्झ रुंद असते. मोर्सला ५०० पुरतात. खिडकी अरुंद झाली की शेजारचं स्टेशन बाहेर राहतं आणि आत येणारा गोंगाटही चौथाईच्या आसपास उरतो. मी घेतलेल्या मेकॅनिकल फिल्टरमध्ये सिग्नलचं धातूच्या बारीक भागांच्या कंपनांत रूपांतर होतं. जुळणारी कंपनं पुढे जातात आणि त्यांची पुन्हा वीज होते.

सेटमध्ये जादा फिल्टरला जागा एकच. बोलण्याचा घ्या, नाहीतर मोर्सचा. मी मोर्सचा घेतला, कारण ५ वॅटवर मोर्सच लांब पोचतो.

काम सोपं आहे. बॅटरी काढायची, स्क्रू वाटीत ठेवायचे. झाकण मात्र हळूच उचलायचं, कारण स्पीकर त्यालाच वायरने जोडलेला असतो. फिल्टर जागेवर दाबून बसवायचा, सोल्डरिंग नाही. मी एवढं सगळं केलं, पण मेनूत फिल्टर चालू करायला विसरलो! दोन दिवस पैसे पाण्यात गेले म्हणून हळहळत होतो. सौ. म्हणाल्या, "आधी पुस्तक वाचा." वाचलं, आणि एकाच स्टेशनची टकटक स्वच्छ ऐकू आली.

फिल्टर सगळं करत नाही. मोबाईलचे स्वस्त चार्जर, काही एलईडी दिवे यांची खरखर त्याच खिडकीतून आत येते. म्हणून तुमच्या दारी येऊन चार्जरच्या वायरीला फेराइटची रिंग लावू का, असं विचारतो. बहुतेकांनी हसत लावू दिली. टीव्ही बिघडेल या शंकेनंतरही कमिटीने वायरला परवानगी दिली. दोघांचे मनापासून आभार.

पुन्हा कधी फोन बंद पडले, तर जिना चढून चौथ्या मजल्यावर या. या वेळी कुणी हाक मारली, तर ती ऐकू यावी एवढीच इच्छा आहे.